पहिल्या हाकेला ओ

करडीच्या थांब्यावर मला पोचवायला दोघंच आले होते, माय आणि बाबा. दोष कुणाचाच नाही. रोवणीचे दिवस होते, सगळं गाव धानाच्या बांध्यांमध्ये गुडघाभर चिखलात वाकलेलं होतं, आणि पोरगी नॉर्वेला चालली म्हणून रोवणी कुणी थांबवत नाही. रस्त्याकडेच्या बांधीतल्या बायांनी कंबर सरळ करून माझ्याकडे पाहिलं, एकीनं हात हलवला, आणि पुन्हा वाकल्या. मायच्या पोटऱ्यांना चिखल तसाच होता. ती शेतातूनच आली होती आणि मला बसमध्ये बसवून परत शेतातच जाणार होती.

मी भ्यालेली होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढंही बहुतेक वेळ मी भ्यालेलीच असणार आहे. सुटीत घरी आले की तुम्ही लोक म्हणता, अवं करुणा, तू तं बर्फाच्या समुद्रावर चालते, शेरनी हायेस. शेरनी कसली? सशाचं काळीज आहे माझं. करडीत राहिलेल्या आणि करडी सोडून पुण्याला, सुरतेला, दुबईला गेलेल्या माझ्या माणसांनो, एकदा खरं काय ते तुम्हाला सांगावं म्हणून हे लिहायला बसले आहे.

मोहाडीची बस आली. मायनं लाखोरीच्या डाळीचं गाठोडं माझ्या मांडीवर कोंबलं आणि खिडकीतून तोंड आत घालून कानात म्हणाली, "पहिल्या हाकेले ओ देऊ नोको बाई. दुसरीलेही नोको."

बाबांनी ते ऐकलंच. "विमानात कोन हाक मारते इले? गप बस ना वो."

कंडक्टरनं घंटी मारली. मी हसायला पाहिजे होतं, पण हसू काही आलं नाही. बस सुटली तेव्हा बाबा हात वर करून उभे होते आणि माय पाठ फिरवून बांधीकडे निघाली होती. तिची ती पाठ मला पुढं कितीतरी दिवस दिसत राहिली.

हाकेची गोष्ट करडीत जुन्या लोकांना माहीत आहे, पण बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्या घरात मायचा एक कायदा होता. तिन्हीसांजेला तलावाच्या पाळीकडून कुणी नावानं हाक मारली तर ओ द्यायची नाही. पहिलीला नाही, दुसरीला नाही. भूत दोनदाच हाक मारतं. आपलं माणूस असेल तर तिसरी मारतं. तिसरी आली की मग खुशाल ओ द्यायची. हा कायदा मोडला म्हणून मनोहरमामा गेला, असं माय सांगायची. मनोहर तिचा धाकटा भाऊ. पाळीकडून त्याला हाक आली, त्यानं पहिलीलाच ओ दिली, आणि दुसऱ्या दिवशी तो तलावात सापडला. त्यामुळं तलावाच्या गावात वाढूनही मी पोटरीच्या वर कधी पाण्यात गेले नाही. माझ्या वयाच्या पोरी शिंगाड्याच्या वेलात हात घालून यायच्या आणि मी पाळीवर चपला सांभाळत बसायची.

बाबांना हे मान्य नव्हतं. आजोबांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली, घरात बुद्धाची तसबीर, आणि बाबा स्वतः वीजखात्यात लाइनमन. त्यांच्या मते मनोहर शिंगाड्यांसाठी आत गेला, गाळात पाय रुतले, पोहता येत नव्हतं, संपलं. "दीक्षा घेतली तवाच भूत सोडलं आपन," ते म्हणायचे.

माय चुलीपुढून मान वर न करता उत्तर द्यायची, "तुमी सोडलं. त्यानं तुमाले सोडलं का?"

मी दोघांचीही मुलगी. डोक्यानं बाबांचं खरं मानायची आणि अंधार पडला की मायचं. शाळेत, कॉलेजात, सगळीकडं हेच चाललं. हाक आली की मी क्षणभर थांबते हे नागपूरच्या होस्टेलातल्या मैत्रिणींच्या लक्षात आलं होतं. त्यांना वाटायचं मला कमी ऐकू येतं. मीही ते खोडून काढलं नाही, बहिरी म्हणवून घेणं परवडलं.

आता असली भित्री बाई बर्फावर गेलीच कशी, हा प्रश्न रास्त आहे. खरं सांगते, खुर्चीमुळं. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला तेव्हा मी पहिलीत का दुसरीत होते. गुरुजींनी भिंतीवरच्या जुन्या नकाशावर खडूनं नवी रेघ ओढली आणि म्हणाले, आजपासून पलीकडलं आपलं नाही. माझी आत्या पलीकडं राहायची. मी घाबरून रडायला लागले. गुरुजींनी खूप समजावलं की बस तीच आहे, रस्ता तोच आहे. पण नकाशाचं वेड मला तिथूनच लागलं असावं. पुढं भौतिकशास्त्र घेतलं, एम.एस्सी. झाले, गोव्यातल्या एका संस्थेत लागले, आणि तिथं माझं काम काय, तर उपग्रहाच्या चित्रांवरून उत्तरेच्या समुद्रावर बर्फ किती आहे ते मोजायचं. एसी खोली, फिरती खुर्ची, चहाचा कप. समुद्र पडद्यावर. मला वाटलं, जन्म सुखात जाईल.

मग संयुक्त पीएच.डी.ची शिष्यवृत्ती आली. अर्धं शिक्षण भारतात, अर्धं नॉर्वेत, सहा-सात देशांची पोरं एका वर्गात. अर्ज करताना मी एक ओळ नीट वाचली होती: प्रत्यक्ष बर्फावरचं काम सक्तीचं. उपग्रहाला वरून बर्फ दिसतो, पण तो किती जाड आहे, त्यात मीठ किती अडकलंय, हे कुणीतरी खाली उभं राहून, भोक पाडून सांगावं लागतं. तो कुणीतरी म्हणजे आता मी. घरी सांगितलं तेव्हा बाबा उठून बाहेर गेले आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून आले. माय तांदूळ निवडत होती.

"बर्फ म्हंजे पानीच ना वो बाई?"

"गोठलेलं असते माय. दगडावानी."

"पन पानीच ना?"

मला खोटं बोलता येईना. पाणीच, म्हणाले. तिनं सुपातले खडे वेचून टाकले.

उत्तर नॉर्वेतल्या माझ्या विद्यापीठाच्या गावात मी उतरले तेव्हा अजून उजेड होता. तीन-चार महिन्यांत तो गेला. सूर्य उगवेनाच. दुपारी जेवणाच्या वेळेला खिडकीबाहेर निळा काळोख, आणि माझ्या मनात सारखं एकच, तिन्हीसांज झाली, तिन्हीसांज झाली. करडीत ती घटकाभर असायची. इथं ती महिना-महिना संपत नव्हती. छपरावरचा बर्फ धप्पकन खाली पडायचा आणि मी अंथरुणात उठून बसायची. लोक चांगले होते, पण कुणी कुणाला मोठ्यानं हाक मारत नसे. सुपरमार्केटात, बसमध्ये, वर्गात, सगळे हळू बोलायचे. मला वाटलं, हे एक बरं आहे. मायची डाळ मी पुरवून पुरवून शिजवली. लाखोरीचा वास वसतिगृहाच्या कॉरिडॉरमध्ये गेला की कुणीतरी दार उघडून विचारायचं, काय आहे हे? मी म्हणायची, घर.

त्या वर्गातच ओल्गा भेटली. रशियाच्या उत्तर टोकाकडच्या एका बंदराच्या गावची, माझ्यापेक्षा वीतभर उंच, आणि आवाज असा की तिला माइक कधी लागला नाही. तिचे वडील बर्फ फोडणाऱ्या जहाजावर होते. तिला भीती म्हणून माहीत नव्हती, आणि मला भीतीशिवाय काही माहीत नव्हतं, म्हणून आमच्या प्राध्यापक इंग्रिदबाईंनी आम्हा दोघींची जोडी लावली. एकीनं दुसरीला आवरायचं आणि दुसरीनं पहिलीला ढकलायचं, असा त्यांचा हिशेब.

बर्फावर जाण्याआधी प्रत्येकाला एक परीक्षा द्यावी लागते. बर्फात माणूस मावेल एवढं चौकोनी भोक पाडतात. अंगात तरंगणारा जाड सूट, गळ्यात दोरीला बांधलेले दोन मुठीचे खिळे. त्या भोकात उडी मारायची आणि ते खिळे बर्फात रोवून, पोटावर सरपटत आपलं आपण बाहेर यायचं. जो येणार नाही त्याला बर्फबंदी. मी भोकाशी गेले, काळं पाणी पाहिलं, आणि सरळ मागं फिरून रांगेच्या शेवटी उभी राहिले. दुसऱ्यांदाही तेच. इंग्रिदबाईंच्या हातातल्या कागदावर माझ्या नावापुढं जागा रिकामी होती हे मला दिसत होतं. बाबांचे शेजारीपाजारी आठवले. आता परत जाऊन त्या सगळ्यांना काय सांगू?

ओल्गा माझ्या मागं येऊन उभी राहिली. म्हणाली, "ढकलू का?"

मी म्हटलं, "ढकल. विचारू नकोस."

तिनं ढकललं. पाणी तोंडावर आलं आणि मी किंचाळले ती आमच्याकडच्या शुद्ध झाडीबोलीत, "माय वो, मेली!" मग खिळे कसे रोवले, बाहेर कशी आले, मला आजही आठवत नाही. पास झाले एवढं खरं.

आता मुख्य गोष्ट. एप्रिल महिना होता. सूर्य परतलेला, एका फियॉर्डच्या गोठलेल्या पाण्यावर आमचा सगळा वर्ग पसरलेला. फियॉर्ड म्हणजे डोंगरांमध्ये घुसलेली समुद्राची अरुंद खाडी. बर्फ मीटरभर जाड आणि पक्का. धोका एकाच ठिकाणी होता, काठाला. भरती-ओहोटीनं खाडीचा बर्फ वर-खाली होतो आणि किनाऱ्याजवळ त्याला लांबलचक भेग पडते. वरून भुरभुरीत हिमाची साय धरते आणि भेग दिसत नाही. तिकडं जायचं नाही, आणि दोन-दोनच्या जोडीनं झेंड्यांच्या ओळीतच चालायचं, हा नियम होता. दुसरा नियम असा की पांढरं धुकं उतरलं तर कामावर असलेला जिथं आहे तिथंच थांबेल. वाटेवर असलेल्यानं हाक मारायची आणि थांबलेल्यानं लगेच ओ द्यायची, म्हणजे त्या आवाजाच्या रोखानं तो परत येईल.

नियम मला पाठ होता. परीक्षेत मी तो सुवाच्य अक्षरात लिहिलाही होता.

आम्ही दोघी भोक पाडत होतो. माझ्या वॉकीटॉकीची बॅटरी थंडीनं मान टाकून बसली, म्हणून ओल्गा जोडीचा नियम मोडून एकटीच नवी आणायला बर्फावरच्या स्कूटरपाशी गेली. ती गेली आणि धुकं आलं. धुकं म्हणजे तुमच्या डोळ्यांपुढं करडीतलं पहाटेचं धुकं येईल. ते नव्हे. खाली पांढरं, वर पांढरं, मध्ये पांढरं. स्वतःचे बूट दिसेनात. आवाज बंद. मी कुठं उभी आहे हे फक्त पायाखालच्या कडकपणावरून कळत होतं, आणि त्या कडकपणाखाली काय आहे हेही मला चांगलंच ठाऊक होतं.

तेवढ्यात हाक आली. "करुणा!"

दुरून, लांबवलेली, कोणत्या बाजूनं तेही कळेना. ओल्गाचा आवाज धुक्यानं असा पातळ करून टाकला होता की तो कुणाचाही असता. माझं तोंड उघडलं नाही. मी ठरवून गप्प बसले असं नाही. कुणी विचारलं असतं तर बाबांचंच उत्तर दिलं असतं, भूतबीत काही नसतं. पण जीभ टाळूला चिकटली ती चिकटली. एप्रिलची भरदुपार, हातात नॉर्वेचं ड्रिल, डोक्यात पीएच.डी., आणि मी पाळीवर चपला सांभाळत बसलेली पोर झाले होते.

"करुणा!"

दुसरी. आता डावीकडून, काठाच्या बाजूनं. मी तिसरीची वाट पाहत होते. माझ्या सगळ्या शिक्षणाला त्या क्षणी एवढंच येत होतं.

तिसरी आली ती अर्धीच. "करु..." आणि मग पाण्याचा आवाज.

मग मात्र मी ओरडले. ओ, ओ, ओ, अशी ओरडत सुटले की घसा फाटला. पळायचं नाही हा नियम तेवढा पाळला गेला. गुडघ्यावर बसले, मग पोटावर, आणि आवाजाच्या रोखानं सरपटत निघाले. ओल्गा त्या भेगेत छातीपर्यंत गेलेली होती. माझी ओ आली नाही म्हणून रोख चुकून काठाकडं भरकटली होती. खिळे रोवून लटकली होती, पण कडेचा बर्फ तुटत होता. तिच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा भीती पाहिली, आणि तिनं माझ्या डोळ्यांत पाहिली असेल तर तिला काही नवं वाटलं नसावं. मी कमरेची दोरी फेकली. ती मनगटाला गुंडाळून घेतली तिनं. मी मागं सरकत ओढलं, ती पुढं सरपटली, आणि दोघी पांढऱ्यात तशाच आडव्या पडून राहिलो. इंग्रिदबाई आणि बाकीची मुलं दोर धरून आली तेव्हा ओल्गाच्या पापण्यांवर बर्फ धरला होता आणि मी तिचे हात माझ्या काखेत घालून बसले होते.

संध्याकाळी लाकडी खोलीत, सहा देशांच्या पोरांसमोर, इंग्रिदबाईंनी विचारलं, "तू ओ का दिली नाहीस?"

मी सांगून टाकलं. तलाव, पाळ, मामा, दोन हाका, तिसरी. इंग्रजीत ते इतकं विचित्र वाटत होतं की मलाच ओशाळवाणं झालं. कुणी हसलं नाही. इंग्रिदबाईंचा चेहरा मात्र कठीणच राहिला. म्हणाल्या, "तुझ्या आईचा मला आदर आहे. पण बर्फावर पहिल्या हाकेला ओ न देणारा माणूस मी नेऊ शकत नाही. उद्यापासून तू खोलीत बसशील."

म्हणजे पुन्हा खुर्ची. ज्या खुर्चीसाठी मी इतकी वर्षं नवस करत होते तीच खुर्ची, आणि तरी मला रडू फुटलं. पीएच.डी. तिथंच संपणार होती.

दोन पांघरुणांत गुंडाळलेली ओल्गा कोपऱ्यातून म्हणाली, "एक मिनिट. तुझी आई जेव्हा तुला खरी हाक मारते, तेव्हा नावानंतर काय म्हणते?"

मी विचार केला. माय नावानंतर दुसरं काय म्हणणार? बसस्टँडवर, फोनवर, भांडण झाल्यावरसुद्धा ती एकच विचारते. "जेवली का?"

"भूत हे विचारतं?"

मला हसू आलं. डोळे पुसत म्हटलं, "नाही. भुताला काय पडलंय मी जेवले की नाही."

"मग झालं," ओल्गा म्हणाली. "मी हाक मारीन, करुणा, जेवली का. तू लगेच ओ दे."

इंग्रिदबाईंनी दोन दिवस मला काठाशी उभं करून पारखलं आणि मग परवानगी दिली. "जेवली का" हे आमच्या तुकडीचं बोलणं झालं. जर्मन मुलगा, जपानी मुलगी, सगळे धुक्यात एकमेकांना जेवली का, जेवली का विचारत फिरायचे, स्त्रीलिंग-पुल्लिंगाचा तर कुणाला पत्ताच नव्हता. आणि मी पहिल्या हाकेला ओ द्यायला शिकले. करडीत मी यातलं काही सांगितलं नाही. मायला तर मुळीच नाही. तिच्या दृष्टीनं मी अजून दगडावर चालत होते.

पदवी झाली. मला तिथंच नोकरी मिळाली, ओल्गा आपल्या बंदराच्या गावी परतली. पण काम एकच होतं. उत्तरेच्या समुद्राचा अर्धा किनारा रशियाकडं, बाकीचा इतरांकडं. ती तिकडची जाडी मोजायची, मी इकडची, आणि दोन्ही जोडून एक नकाशा व्हायचा. तिच्या प्रत्येक मेलच्या खाली तेच रोमन अक्षरांतलं मोडकंतोडकं जेवली का.

मग रशियाचं शेजाऱ्यांशी युद्ध सुरू झालं. त्यांच्याकडच्या संस्थांशी असलेलं सगळं सहकार्य थांबलं. एका सकाळी कार्यालयात परिपत्रक आलं आणि नकाशाचा तिकडचा भाग आमच्या पडद्यावर रिकामा झाला. उपग्रहातून बर्फ दिसत होता, त्याखालचे आकडे नव्हते. मला आमच्या शाळेच्या भिंतीवरची खडूची रेघ आठवली. तेव्हा निदान बस तरी चालू होती.

काही आठवड्यांनी माझ्या खाजगी फोनवर मेसेज आला. अनोळखी नंबर. करुणा, जेवली का?

मी फोन उपडा ठेवला. परिपत्रकात संस्थांबद्दल होतं, माणसांबद्दल एक अक्षर नव्हतं. पण माझा राहण्याचा परवाना नूतनीकरणाला गेलेला होता, मी परदेशी, रंगानं वेगळी, कामाचे आकडे संवेदनशील. कुणी पाहिलं तर? कुणी विचारलं तर? खरंच ओल्गा आहे का, की तिच्या नावानं दुसरंच कुणी? भित्र्या माणसाला कारणं शोधावी लागत नाहीत, ती रांग लावून उभी असतात. त्या उन्हाळ्यात दुसरा मेसेज आला. तेच दोन शब्द. मी तो वाचला आणि चहा करायला उठले. मनात म्हटलं, तिसरा आला की देते उत्तर.

तिसऱ्याची वाट पाहत वर्ष गेलं.

गेल्या रोवणीत मायचा फोन आला. ती पाळीवर बसून बोलत होती, मागं तलावावरच्या बगळ्यांचा आवाज येत होता. का कोण जाणे, मी तिला सगळं सांगितलं. धुकं, भेग, ओल्गाचं बुडणं, मी तिसऱ्या हाकेची वाट पाहत उभी राहणं. आणि आता हे दोन मेसेज. मला वाटलं ती म्हणेल, बरं केलं, ओ देऊ नोको.

तसं ती म्हणाली नाही.

मग म्हणाली, "मनोहरले कोनी हाक मारली नोहती."

"मंग?"

"त्यानंच मारली. मले. शिंगाड्याच्या वेलातून. ताई म्हनून, दोनदा. मी पाळीवरच होती. तुया आजीनं मले हेच शिकवलं होतं, दोन हाकांले ओ द्याची नाही. मी तिसरीची वाट पाहून राहिली होती बाई." मग तिचा आवाज पार खाली गेला. "तिसरी आलीच नाही."

इतकी वर्षं तिनं गोष्ट उलटी सांगितली होती, आणि कायदा मात्र तोच ठेवला होता. कदाचित कायदा खोटा ठरला असता तर तिला जगता आलं नसतं. पाळीखालच्या रस्त्यावरून बाबांचा आवाज आला, कोन हाय वो फोनवर?

"करुणा."

"ओ," मी म्हणाले. पहिल्या हाकेला.

"त्या पोरीले ओ दे. तिसरीची वाट नोको पाहू."

फोन ठेवला. भीती गेली होती असं मुळीच नाही. परवाना अजून आलेला नव्हता, परिपत्रक अजून भिंतीवर होतं. मी ओल्गाचा दुसरा मेसेज उघडला, वर्षभर जुना, आणि खाली लिहिलं: जेवले. तू?

तुम्ही मला विचारता, आता घर कुठं वाटते, इथं का तिथं? मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेते. आता नीट सांगते. मला घर एवढंच वाटतं, जिथं पहिल्या हाकेला ओ देता येते. करडी मला तसं वाटायला इतकी वर्षं लागली आणि मायला पाळीवर बसून तो फोन करावा लागला. त्या पांढऱ्या बर्फावरही ते घर माझं काही दिवस होतं, एका रशियन पोरीच्या मोठ्या आवाजात.

मेसेज पोचला की नाही, कळत नाही. त्याखाली अजून बरोबरची एकच खूण आहे, दुसरी उमटलेली नाही. मी रोज सकाळी घाबरत घाबरत पाहते आणि मग पुन्हा लिहिते, ओल्गा, जेवली का? दोनवर थांबायचं नाही, तीनवरही नाही. तिकडं ती उभी असेल आणि धुकं असेल, तर रोख धरायला तिला माझा आवाज लागेल.